खालचे दोन बोल्ट

समोरचे दहाही बोल्ट निघाले आणि तरी कव्हर जागचं हललं नाही, तेव्हा मल्हारला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे छातीवरचा धोंडा कुणी क्षणभर उचलून धरला, एवढंच. त्याने दोन्ही हातांनी कव्हर धरून ओढून पाहिलं. मग लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं, पुन्हा ओढलं. ढिम्म. गाडी जुनी, इंजिनवर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून कव्हर कुठं संपतं आणि इंजिन कुठं सुरू होतं ती रेघसुद्धा बुजून गेलेली. ‘चिकटलंय,’ तो मोठ्याने म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शिक्रापूरच्या चौकातून ट्रकांची रांग नेहमीसारखी गुरगुरत चालली होती, गॅरेजच्या पत्र्यावर तिचा थरथराट येत होता, आणि पुढ्यातल्या पिकअपच्या केबिनमध्ये त्याची वहिनी, वच्छलाबाई, सकाळी आठपासून बसून होती. खाली उतरली नव्हती, पाण्याला शिवली नव्हती. मध्ये बॉनेट उभं होतं म्हणून दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. ज्याने कोणी बॉनेट शोधून काढलं त्याचं भलं होवो, असं मल्हारच्या मनात येऊन गेलं.

मग त्याला आठवलं. खालचे दोन. या इंजिनाचं टायमिंगचं कव्हर समोरून दहा बोल्टांनी धरलेलं असतं आणि खालून, ऑइलच्या चेंबरच्या कडेतून वर घुसलेल्या दोन बोल्टांनी. वरून ते दिसत नाहीत. गाडीखाली उताणं पडून, तेलाच्या लेपात बोट फिरवून शोधावे लागतात. नवशिक्या ते हमखास विसरतो, कव्हर चिकटलं म्हणून हातोडी हाणतो, कव्हर फोडतो आणि शिव्या खातो. शिरूरला सावळाराम मिस्त्रीच्या हाताखाली असताना याच दोन बोल्टांपायी मल्हारने कानाखाली खाल्ली होती. ‘जे निघत न्हाई त्याला मारायचं नसतं गाढवा, त्याला अजून कुनी धरलंय ते बघायचं असतं,’ असं म्हणून मिस्त्रीने दुसरीही दिली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मल्हार ते दोन बोल्ट एकदाही विसरला नव्हता, आणि आज विसरला होता. विसरला ते अगदी खरं. मन ठिकाणावर नसलं की हातालाही वाट सापडत नाही. पण आठवल्यावर त्याने जे केलं, ते काही विसरणं नव्हतं. ती आठवण त्याने होती तिथं ठेवून दिली, आणि पुन्हा हातोडी उचलली.

कारण आज चतुर्दशी होती. अमावस्या संध्याकाळी सव्वासहाला लागत होती. गेल्या आठ दिवसांत त्याने कॅलेंडरचं ते पान इतक्यांदा चाळलं होतं की ते खिळ्यापासून सुटायला आलं होतं. अमावस्येला लेक घराबाहेर काढत नाहीत. हे काही त्याने ठरवलेलं नव्हतं, की त्याच्या थोरल्या भावाने, म्हस्कूतात्यांनीही नव्हतं. ते आधीपासून होतंच. म्हणजे सव्वासहापर्यंत गाडी चालू झाली नाही तर उद्याचा सबंध दिवस पदरात पडला. परवापासून पूनमची, त्याच्या लेकीची, शाळेत चाचणी. चाचणी सोडून पोरीला पाठव, असं तात्या काही म्हणायचे नाहीत, त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं म्हणून शाळेचा धाक फार. चाचणी चार दिवस. पुढं रविवार. आणि तोवर वहिनी जेवायला लागली तर? माणूस किती दिवस उपाशी राहील? मनातले मांडे खाल्ले तरी घटकाभर पोट भरल्यासारखं वाटतं. मल्हार हातोडीने कव्हर ठोकत होता, लाकडाचा बोदा आवाज येत होता, आणि एकेक दिवस तो असा मोजून घेत होता. मध्येच त्याला स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटूनही हात थांबला नाही, हे त्याला जास्त लागलं.

आवाज मात्र खरा होता. एवढं तरी त्याच्या बाजूने बोलायला हवं. सकाळी पिकअप दारात येऊन उभी राहिली तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी दळण दळल्यागत खडखड चालली होती. टायमिंगची चेन ढिली पडून आतून कव्हरला घासत होती. अजून वीस-पंचवीस मैल गेली असती तर तुटली असती आणि इंजिनाचा चुरा झाला असता. ‘तात्या, ह्या गाडीनं दौंडला जाता यायचं न्हाई,’ मल्हार म्हणाला, आणि म्हणताना आपला आवाज आनंदी तर लागला नाही ना, म्हणून चपापला. म्हस्कूतात्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. ‘आरं, येताना काय न्हवतं बग. न्हावऱ्याच्या म्होरं कुरकुराय लागली.’ मग चेन आणायला तेच एसटीने शिरूरला गेले. तात्यांना जाऊनही चार तास होत आले होते.

पूनम त्यांची. म्हणजे म्हस्कूतात्यांची आणि वच्छलावहिनीची. थोरली सोनम, ती आता सासरी, मधली पूनम, आणि पूनमच्या पाठीवर बिरदेव पोटात होता तेव्हाची गोष्ट. त्या वेळी तात्यांची मेंढरं होती, वर्षातले आठ महिने बिऱ्हाड रानोमाळ, आणि मल्हारची बायको अनसा, तिची लग्नाला आठ वर्षं होऊन कूस उजवलेली नव्हती. बिरोबाच्या देवळात पोरीच्या कपाळाला भंडारा लावून तात्यांनी तिला अनसाच्या ओटीत घातली होती. ‘आजपासनं ही तुजी,’ ते म्हणाले होते, ‘म्या पुन्यांदा हिच्यावर हात ठिवायचा न्हाई.’ कागद केला नाही. सख्ख्या भावांत कागद करायचा म्हणजे शिवी दिल्यासारखं. शाळेत घालताना मल्हारने बापाच्या नावाच्या जागी आपलं नाव सांगितलं आणि मास्तरांनी लिहून घेतलं, एवढाच काय तो लेखी व्यवहार. तीन वर्षांची पोर आठ दिवस आईसाठी रडली होती. अनसा तिला काखेत घेऊन रात्रंदिवस फिरायची, गूळ द्यायची, चिमण्या दाखवायची, काही उपयोग नाही. नवव्या दिवशी मल्हारने एका फुटक्या बेअरिंगमधले छर्रे काढून वाटीत डिझेल घालून तिच्यापुढे ठेवले. ती रडायची थांबली. छर्रे घोळवत तासभर बसली, आणि मग तेलकट हाताने त्याचा अंगठा धरून म्हणाली, ‘अजून.’ त्या शब्दापासून मल्हार बाप झाला. त्याआधी तो नुसता हौशी होता.

‘भावजी,’ बॉनेटच्या पलीकडून आवाज आला. मल्हारची हातोडी थांबली. चार तासांत वहिनीने तोंड उघडलं नव्हतं. ‘लई येळ लागंल का वो?’

‘चिकटलंय वैनी. बघतोय.’

‘बघा.’ एक कंटेनर चौकात वळायला आडवा झाला, त्याच्यामागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि ते वाजायचे थांबल्यावर ती पुन्हा बोलली. ‘भावजी, पूनमला खायला काय आवडतं?’

मल्हारला उत्तर माहीत होतं. हुलग्याची शेंगोळी, तीही दुसऱ्या दिवशीची, आळलेली, वर कच्चं तेल. दूध आवडत नाही, सायीला ओकारी येते. वांगं आवडत नाही, पण अनसाने रागावून वाढलं तर खाते. भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खाते आणि मग खालची भाकरी. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं, आणि त्याने गिळलं. ‘कायबी खाती,’ तो म्हणाला. एवढंसं उत्तर, पण ते देऊन झाल्यावर आपण एखाद्याच्या तोंडचा घास काढून घेतला असं त्याला वाटलं, आणि तरी तो ते दुरुस्त करू शकला नाही. पलीकडे वहिनी ‘बरं’ म्हणाली.

बिरदेव आषाढात गेला. दहा वर्षांचा पोरगा, भर दुपारी कालव्यावर म्हशी धुवायला गेला आणि पाय सटकला. तेव्हापासून वच्छलावहिनी जेवायला बसायची, भाकरी मोडायची, आणि मग शांतपणे विचारायची, ‘बिऱ्याचं ताट कुठाय?’ ताट मांडलं तर नुसती बघत बसायची, नाही मांडलं तर उठून जायची. चार महिन्यांत तिचं अंग निम्मं झालं होतं. आठ दिवसांपूर्वी तात्या एकटे आले, गॅरेजमधल्या टायरवर बसले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, ‘मल्हार, पूनम थोडं दिस आली तर बघावं, असं वाटाय लागलंया. लोकं म्हनत्यात, पोटचं जवळ आसलं तर येईल वळणावर. तुजा आन् अनसाचा काय इचार?’ आणि मल्हारचं तोंड म्हणालं, ‘तुमचीच लेक हाय तात्या, मला काय इचारता?’

तोंड म्हणालं. मल्हार नव्हे. धाकट्या भावाने थोरल्याला असंच म्हणायचं असतं. पाहुण्याला म्हणतात ना, घर तुमचंच आहे, म्हणून काही पाहुणा घराला आपलं कुलूप लावत नाही. पण तात्यांनी ते वाक्य दोन्ही हातांनी धरलं, टोपी डोळ्यांना लावली आणि लहान पोरासारखे रडले. दाराआड अनसा भांडी घासत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज त्याच क्षणी थांबला. आता ते वाक्य परत कसं घ्यायचं? ‘तात्या, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो,’ असं ज्याचा मुलगा गेला त्याला सांगायचं? ‘थोडे दिवस’ म्हणजे किती ते तात्यांनाही माहीत होतं आणि मल्हारलाही, आणि माहीत असल्याचं दोघांनीही दाखवलं नव्हतं. अनसा तर त्या दिवसापासून या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. पूनमचे कपडे तिने धुतले, वाळवले, घड्या घातल्या, एका घडीत वेणीच्या लाल रिबिनी ठेवल्या. भांडली असती तर बरं झालं असतं. मल्हार भांडणाची वाट पाहत होता आणि ती त्याला भांडणसुद्धा देत नव्हती.

पूनम चहा घेऊन आली. तेरा वर्षांची, हाडापेराने थोराड, शाळेचाच निळा स्कर्ट घातलेला. आज शाळेत गेली नव्हती. तिने एक कप केबिनच्या खिडकीतून आत दिला, तो आतून कुणी घेतला नाही, मग तिने तो टपावर ठेवला आणि दुसरा मल्हारला आणून दिला. ‘निघत न्हाई का आप्पा?’

‘चिकटलंय.’

तिने खाली पाहिलं. मल्हारच्या पायाशी पुठ्ठा होता. कव्हर खोलताना कुठला बोल्ट कुठला हे चुकू नये, लांब आखूड अदलाबदल होऊ नये, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि निघेल तो बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात खोचत जायचा, ही सावळाराम मिस्त्रीची रीत. पूनम पाचवीत होती तेव्हापासून पुठ्ठ्यावर आकार तीच काढायची, पेन्सिलीने, कंपासपेटीतली पट्टी लावून. आज मल्हारने स्वतःच काढला होता, ऑइलच्या बोटाने, वेडावाकडा. त्यावर दहा बोल्ट गोलाकार उभे होते. खालची बाजू कोरी होती. तिथं भोकंच नव्हती. पूनमने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग कव्हरकडे, मग मल्हारच्या हातातल्या हातोडीकडे. मल्हार बशीत चहा ओतत राहिला, बशी भरून वाहिली. तो तिच्या तोंडाकडे बघू शकला नाही. पोर टपावरचा कप उचलून, न प्यालेला चहा नालीत ओतून आत गेली.

कळलं का तिला? न कळायला काय झालं? आठ वर्षांची असताना तिचा हात गाडीखालच्या बोळकांडीत जाई म्हणून तेच दोन बोल्ट त्याने तिच्याकडून सोडवून घेतले होते. तोंडावर ऑइल सांडून घेऊन ती बाहेर आली होती, काळीठिक्कर, दात तेवढे पांढरे, आणि अनसाने मल्हारचा असा काही उद्धार केला होता की शेजारच्या खोल्यांतले कंपनीतले बिहारी कामगार बाहेर येऊन हसत उभे राहिले होते. ‘भाभी, लडकी इंजिनियर बनेगी,’ त्यांतला एक म्हणाला होता. बनेल की, असं मल्हारला तेव्हा वाटलं होतं, पाबळला शिकायला घालू, तिथं मुलींनाही वेल्डिंग शिकवतात म्हणे. कळलं असेल तर गप्प का राहिली? गप्प राहिली म्हणजे तिलाही जायचं नाही. तो आणि पोर, दोघं मिळून एक गोष्ट लपवत होते. तिने न बोलता त्याच्या बाजूने कौल दिला होता. त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पुढचे दोन तास उगाच पॅकिंगचे तुकडे खरवडण्यात, पुली पुसण्यात, हत्यारं इकडची तिकडे ठेवण्यात घालवला. मोठं सुख होतं ते. असं सुख माणसाने भोगू नये, हेही त्याला मधूनमधून कळत होतं, कारण पलीकडे बसलेली बाई अधूनमधून कूस बदलायची आणि तिच्या सीटची स्प्रिंग वाजायची.

दोन वाजता तात्या आले. घामाघूम, हातात चेनचा खोका, पायावर धूळ. ‘मिळाली बाबा. सगळं शिरूर पालथं घातलं,’ म्हणाले, आणि बॉनेटखाली वाकून बघतात तर कव्हर अजून जागच्या जागी. ‘आरं, हे काय?’

‘निघंना तात्या. चिकटलंय. जुनं हाय ना.’

तात्यांनी केबिनकडे पाहिलं, मग आभाळाकडे. ‘मल्हार, आमुशा लागंल रं. हिला म्या कशीबशी बाहीर काढली. आज रिकामी परत न्हेली तर ही बाई पुन्यांदा हातरुणाला खिळंल.’ मग त्यांची नजर भिंतीला टेकलेल्या लोखंडी टॉमीवर गेली. ‘ही घाल फटीत आन् दे हिसका. मोडलं तर मोडलं. न्हाईतर म्या वडाप जीप करतो, गाडी ऱ्हाऊ दे हितंच.’

जीप. जिपेचं मल्हारच्या डोक्यात आलंच नव्हतं. दिवसभर तो हे एकच दार लावून बसला होता आणि घराला भिंतच नव्हती. पण जीप शोधायची तर चौकात जावं लागेल, आजूबाजूच्या खेड्यांतली गिऱ्हाइकं सोडून दौंडला यायला कुणी लवकर तयार होत नाही. आणि कव्हर फुटलं तर? कव्हर पुण्याशिवाय मिळायचं नाही. जीप मिळाली नाही आणि कव्हर फुटलं, तर चार दिवस, सहज चार दिवस. मल्हारने टॉमी हातात घेतली. टोक फटीत बसवलं. दुसऱ्या हातात मोठा हातोडा घेतला, लाकडी नव्हे, लोखंडी. अॅल्युमिनियमचं कव्हर, एक घाव पुरे होता. बावीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाची चाकाची टोपीसुद्धा फोडली नव्हती. चौकातले लोक म्हणायचे, मल्हारच्या हातात गाडी म्हणजे दाईच्या हातात बाळंतीण. त्याने हातोडा उचलला. त्या क्षणी त्याला काही वाटत नव्हतं, ना तात्यांबद्दल, ना वहिनीबद्दल. फक्त कॅलेंडरचे चार चौकोन दिसत होते.

‘आप्पा.’

पूनम पाठीमागे उभी होती. आवाज चढवलेला नव्हता.

‘खालचे दोन ऱ्हायल्यात.’

हातोडा वरच राहिला. तात्या म्हणाले, ‘काय गं? काय ऱ्हायलंय?’ ती तात्यांशी बोलली नाही. पेटीतून दहाचा पाना काढून तिने मल्हारपुढे धरला. मल्हारने हातोडा खाली ठेवला, टॉमी काढली, पाना घेतला. ‘ध्यानातच न्हाई आलं बग माज्या,’ तो म्हणाला, आणि हे खोटं बोलताना त्याला रडू फुटेल असं वाटलं म्हणून तो घाईने पोतं अंथरून गाडीखाली सरकला.

खाली अंधार होता आणि तेलाचा ओळखीचा वास. बोटाने चाचपून त्याने पहिला बोल्ट शोधला. मग हात तसाच राहिला. म्हणजे ती त्याच्या बाजूला नव्हती. सकाळपासून तो एकटाच लपवत होता आणि ती एकटीच बघत होती. तिला जायचंय. तेरा वर्षांतली दहा वर्षं त्याच्या घरात काढून तिला जायचंय, आणि का जाऊ नये, आईच ती, नऊ महिने पोटात वाढवणारी. असं तो स्वतःला समजावत होता आणि समजूत अर्ध्यात तुटत होती. वरून काळं तेल थेंबथेंब कपाळावर पडत होतं, ते त्याने पुसलं नाही. तेवढ्यात केबिनचं दार उघडल्याचा आवाज झाला.

‘आई, उतर खाली.’

अनसा बाहेर आली की काय, असं त्याला वाटलं. त्याने मान वळवली. गाडीखालून त्याला फक्त पाय दिसत होते. पूनमचे शाळेच्या चपलांतले, आणि पायरीवरून आधी एक, मग दुसरा, असे दबकत जमिनीवर आलेले दोन अनवाणी पाय, टाचांना भेगा, बोटांत झिजलेली जोडवी. वच्छलावहिनीचे. आजवर पूनम तिला ‘मोठी आई’ म्हणायची, अहोजाहो करायची, पाहुण्याशी बोलतात तशी लाजून बोलायची.

‘चल, दोन घास खा. म्या बी सकाळधरनं खाल्लं न्हाई. तू खाल्लं तर म्या खाईन.’

‘तू का न्हाई खाल्लंस?’ वहिनीचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

‘तू बसली हुतीस की उपाशी. शेंगोळी हाय कालची. मला लई आवडती. चल, आवडती का बघ तुला.’

भेगाळ पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग शाळेच्या चपला पुढं झाल्या आणि ते पाय त्यांच्या मागोमाग गेले, दाराकडे, अनसाच्या स्वयंपाकघराकडे. मल्हार उताणा पडून राहिला. पोरीला जायचं होतं की नाही, हे त्याला आता सांगता येईना. जायचं असणं आणि जावं लागणं यांच्यामध्येही काही असतं, आणि ते तेरा वर्षांच्या पोरीला समजलं होतं आणि त्याला समजलं नव्हतं. त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी काळीज कुणी चिमट्यात धरल्यासारखं झालं. त्याने दोन्ही बोल्ट सोडवले. वर येऊन कव्हरला नुसता हात लावला आणि ते अलगद हातात आलं.

पुढचं काम त्याच्या हातांनी आपलं आपण केलं. जुनी चेन काढली, नवी बसवली, खुणेला खूण लावली, इंजिन हाताने दोनदा फिरवून पुन्हा खुणा पाहिल्या. पॅकिंग कापलं, कव्हर चढवलं. बोल्ट आवळताना मात्र एकदा मन पुन्हा फिरलं. एखादा हातानेच बसवून सोडला तर? तेल गळेल, तळेगावाच्या पुढं कुठंतरी ऑइलचा लाल दिवा लागेल, तात्यांना परत फिरावं लागेल. एवढंसं तर करायचं होतं. पण त्या गाडीत पूनम बसणार होती. अंधार पडलेला, रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा, आणि गाडी बंद पडलेली, तिच्यात ती. मल्हारने एकेक बोल्ट शक्तीने आवळला. पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासले. खालच्या दोनांसाठी पुन्हा गाडीखाली गेला. इतकं चोख काम त्याने आयुष्यात कधी केलं नसेल, आणि ज्यासाठी केलं ते त्याच्याच मुळावर आलं होतं. साडेपाचला गाडी चालू झाली. आवाज असा गोड, की तात्या म्हणाले, ‘वा रं माज्या वाघा.’

निघताना अनसा बाहेर आली नाही. पूनम तिच्या पाया पडून आतून आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि वेणीला लाल रिबीन होती, ती तिने स्वतः घातलेली नव्हती, अनसाची गाठ मल्हारला ओळखू येत होती. वहिनी केबिनमध्ये बसली होती. तिने शेंगोळीचे चार घास खाल्ले, असं तात्यांनी दोनदा सांगितलं. मल्हार बॉनेट लावत होता. पूनम हात पुसायचं फडकं त्याला द्यायला आली आणि वाकून पाया पडली. उठताना अगदी हळू म्हणाली, ‘आप्पा, घरात आईला सांगू नका.’

‘काय?’

‘बोल्टाचं म्या सांगितलं म्हनून.’

तो काही बोलायच्या आत ती पलीकडून वर चढली होती. दोघांच्या मध्ये बसली. गाडी मागे घेताना तात्यांनी हात केला. वहिनीनेही हात जोडले. पूनमने समोर पाहिलं. मग गाडी ट्रकांच्या रांगेत शिरली आणि तळेगावाकडे वळली, आणि मल्हार फडकं हातात घेऊन तिथंच उभा राहिला. शेजारच्या खोलीतला बिहारी कामावरून आला, ‘उस्ताद, बिटिया कहाँ गयी?’ म्हणून विचारून उत्तराची वाट न पाहता आत गेला.

अनसा स्टोव्हपुढे बसली होती. स्टोव्ह पेटवलेला नव्हता. तीन ताटल्या खरकट्या पडल्या होत्या, एकीत भाकरीचा पापुद्रा सोलून खाल्लेला, खालची भाकरी तशीच. मल्हार उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसला. मग अनसा त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘दुपारपातुर निघत न्हवतं म्हनं कवर.’

‘न्हवतं.’

‘म्या सकाळधरनं बिरोबाला म्हनत हुते, चिकटून ऱ्हाऊ दे. एवढा एक दिस ऱ्हाऊ दे. भांडी घासताना म्हनत हुते, तिला वाढताना बी म्हनत हुते. त्या बाईपुढं ताट ठिवलं, आन् मनात ह्येच म्हनत हुते. देव बगंल मला. मंग कसं निघालं?’

‘खालचे दोन बोल्ट ऱ्हायले हुते.’

‘कुनी सांगितलं?’

मल्हारने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ‘कुनी न्हाई. माज्याच ध्यानात आलं.’

‘आन् ध्यानात आलं तर गप बसवलं न्हाई तुमाला.’

‘न्हाई बसवलं.’

अनसाने पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. आठ दिवस जे तिने तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं ते सगळं तिच्या तोंडावर आलं. ‘आग लागो तुमच्या त्या हुशार हातांना,’ ती म्हणाली, ‘माजी लेक काढून दिली तुमी.’ आणि मोठ्याने रडायला लागली. मल्हार ‘व्हय’ म्हणाला, आणि तिच्याजवळ सरकून बसला.